गटाराची भांडणं आणि सहा डिसेंबर

1992-93च्या दंगलींत मुंबई जळाली तेव्हा आमची भिवंडी का जळाली नाही, हा प्रश्न मला आजही लोक विचारतात. भिवंडीत पोलिस उपायुक्त राहिलेले सुरेश खोपडे यांनी तर ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ असं पुस्तकच लिहिलं. मी त्या वेळी निजामपुऱ्याजवळ राहत होते, नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते आणि आमच्या भागातल्या मोहल्ला कमिटीची सदस्य होते. त्या कमिटीत बसून जे पाहिलं, तेवढंच सांगते.

आधी 1984 सांगायला हवं. भिवंडीला दंगल नवी नव्हती. 1970 साली शिवजयंतीच्या मिरवणुकीत पेटलेली दंगल घरातले मोठे हलक्या आवाजात सांगत. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली होती. 1984च्या मे महिन्यात पुन्हा दंगल पेटली तेव्हा मात्र मी स्वतः इथेच होते. आमच्या गावात मागांचा खटखटाट रात्रंदिवस चालू असतो आणि त्याची इतकी सवय होते की तो थांबला की माणूस दचकून जागा होतो. त्या दुपारी एकेका गल्लीतले माग बंद पडत गेले आणि मागोमाग धूर दिसायला लागला. ठाण्या-मुंबईपर्यंत पसरलेल्या त्या दंगलीत अडीचशेहून जास्त माणसं गेली. 

खिडकीच्या फटीतून मी आमच्याच आळीतला एक माणूस रॉकेलचा डबा घेऊन जाताना पाहिला. गळ्यात तुळशीची माळ. दर गुरुवारी आमच्याकडे भजनाला यायचा, आवाज गोड होता. संचारबंदी उठल्यावर पुढच्याच गुरुवारी तो पुन्हा आला, टाळ हातात घेतला आणि गायला बसला. मी उठून स्वयंपाकघरात गेले. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या भाभी पुढे माझ्या मैत्रीण झाल्या. त्यांनीही त्यांच्याकडचं असंच सांगितलं. हातात सळई घेऊन फिरलेला पोरगा दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत नमाजाला उभा होता.

त्या दिवसांत दोन्हीकडे एकच वाक्य होतं, ‘धर्मावर आलंय.’ जळाले ते माग, सुताला खळ देणारे सायझिंगचे कारखाने, बिस्सीतल्या म्हणजे खाणावळीतल्या कामगारांच्या ट्रंका. मेले ते उत्तर प्रदेशातून, बिहारातून, तेलंगणातून पोटासाठी आलेले. जळालेल्या शेडच्या जागांवर नंतर कोण उभं राहिलं, कुणाची देणी बुडाली आणि कुणाची फिटली, हे गावाला ठाऊक आहे. मी एकादशी करणारी बाई आहे, माझी श्रद्धा कधी डळमळली नाही. म्हणूनच देवाचं नाव घेऊन केलेल्या त्या चोरीची आणि खुनांची मला जास्त चीड येते. नास्तिकाला नसेल येत एवढी येते.

1988 साली खोपडे साहेब भिवंडीत आले आणि मोहल्ला कमिट्या उभ्या राहू लागल्या. शांतता समित्या गावात आधीही होत्या. त्यात पुढारी असत, सणाच्या आदल्या दिवशी चहा पिऊन फोटो काढत आणि घरी जात. नव्या कमिटीत वस्तीतलेच लोक घेतले, हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येने. त्यांच्याबरोबर त्या भागाचा पोलिस, रजिस्टर घेऊन. पानवाला, मागवाला, शिंपी, मौलवी, भजनी मंडळाचे बुवा आणि मास्तरीण म्हणून मी.

आम्ही तिथे ऐक्यावर भाषणं केली नाहीत. भांडलो. बिस्सीचं खरकटं पाणी कुणाच्या दारात येतं, सायझिंगच्या धुराड्याची काजळी कुणाच्या वाळवणावर पडते, रात्री दोनला माग सुरू ठेवायचा की नाही, गणपतीचा मांडव रस्त्यात किती फूट, भोंग्याचं तोंड कुठल्या दिशेला. एका गटारावर आम्ही बैठकांमागून बैठका घालवल्या. मौलवी साहेब आणि बुवा दोघेही त्या गटाराच्या बाबतीत एका बाजूला होते आणि उरलेले आम्ही दुसऱ्या. मला ते फार महत्त्वाचं वाटतं. धर्मावरून पडलेल्या दोन फळ्या गटारावरून मोडल्या आणि वेगळ्या पडल्या. मग पाण्याच्या नळावरून त्याही मोडल्या. दोन वर्षांत असं झालं की कमिटीतल्या कुणालाच कुणी पूर्ण परका उरला नाही. कोण कर्जात आहे, कुणाची मुलगी माहेरी परत आली आहे, कोण दारू पितो, सगळं माहीत. हवालदारालाही माहीत. पोलिस म्हटलं की दार लावून घेणाऱ्या भाभी त्याला जेवून जा म्हणायला लागल्या.

अयोध्येवरून वातावरण तापत होतं, त्याच काळात भाषणांच्या कॅसेट आल्या. एका टेलरच्या दुकानात संध्याकाळी मोठ्याने लावत आणि तरुण पोरं घोळका करून ऐकत. पलीकडच्या वस्तीतही तशाच आल्या, बोलणारे वेगळे, तापवण्याची रीत एकच. पहिली दहा मिनिटं अपमानाची यादी, मग आया-बहिणींच्या अब्रूची गोष्ट, मग ‘आता नाही तर कधी?’ बुवा स्वतः त्या टेलरकडे गेले आणि मौलवी साहेब त्यांच्याकडच्या पोरांकडे. आपल्या माणसाने आपल्यांना सांगायचं, हे कमिटीत ठरलेलं होतं. बुवांना शिव्या खाव्या लागल्या, धर्मबुडवा म्हणाले त्यांना. पण कॅसेट बंद झाली.

1992चा सहा डिसेंबर रविवार होता. संध्याकाळी रेडिओवर कळलं की बाबरी मशीद पाडली. भाभींच्या घरी गेले तर त्या सुन्न बसल्या होत्या. काय बोलावं सुचेना, मी नुसती शेजारी बसले. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, ‘‘बेहेनजी, चलो, सब नाके पे बैठे होंगे.’’ खरंच सगळे नाक्यावर होते. खुर्च्या टाकलेल्या, हवालदार मध्ये.

रात्री अफवा आल्या. दुधात विष घातलंय. अमक्या नाक्यावर पोराला भोसकलं. दहाच्या सुमारास बातमी आली की ओढ्याजवळच्या देवळातली मूर्ती फोडली. आमच्या आळीत पंधरा-वीस पोरं काठ्या घेऊन जमली. 1984 साली एवढंच पुरलं असतं. बुवा त्यांच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘आधी बघून येऊ. तुमच्यातले दोघं चला.’’ बुवा, मौलवी साहेबांचा मुलगा, हवालदार, ती दोन पोरं आणि मी, असे बॅटरी घेऊन निघालो. मौलवी साहेबांच्या मुलाचा हात मी धरून ठेवला होता; तो थरथरत होता आणि तरीही आला. देऊळ जसंच्या तसं होतं. मूर्तीसमोरचा दिवासुद्धा कुणीतरी लावून गेलं होतं. त्या पोरांना बुवांनी मूर्तीला हात लावून बघायला लावलं. परत आल्यावर त्याच दोघांनी उरलेल्यांना सांगितलं. आमच्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसला नसता.

तशीच पलीकडे दर्ग्याची अफवा उठली, तिकडे दुसरी मंडळी गेली. रात्रभर हेच चाललं होतं. पुढच्या दिवसांतही. भीती नव्हती असं नाही. माझ्या घरच्यांनी सामान बांधून ठेवलं होतं.

मुंबईत मात्र डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारीत माणसं मारली गेली. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने 900 मृत्यू नोंदवले, त्यांत 575 मुसलमान आणि 275 हिंदू. 12 मार्च 1993च्या बॉम्बस्फोटांत आणखी 257 गेले. जानेवारीत मुंबईहून पळून आलेले नातेवाईक आमच्या भागात घरोघर उतरले होते. भाभींकडे त्यांची एक चुलत नणंद आली. तिचं सगळं घर गेलं होतं. ती हिंदू बाईच्या हातचं पाणी पिईना. भाभींना लाज वाटली, मला नाही वाटली. तिच्यावर जे गुदरलं होतं त्यापुढे माझा मान काय मोठा? महिन्याभराने तिने माझ्याकडे मुलाच्या शाळेची चौकशी केली.

पुढे मुंबईतही मोहल्ला कमिट्या निघाल्या. तेव्हाचे पोलिस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलिस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी त्यासाठी खूप खपून काम केलं. आमच्याकडे मात्र बैठका विरळ होत गेल्या. अधिकारी बदलतात, रजिस्टर कपाटात जातं. 2006 साली एका पोलिस ठाण्याच्या बांधकामावरून भिवंडीत दंगा झाला. गोळीबारात दोघे गेले आणि जमावाने दोन पोलिसांना मारलं. बातमी ऐकून मला आमचा हवालदार आठवला आणि दिवसभर काही करवेना. पोलिसाला नावाने ओळखणारी वस्ती आम्ही एकदा उभी केली होती. ती टिकवायला कुणी बसलं नाही.

2023 साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले, 28 सप्टेंबरला. मुंबईत आणि राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं. त्या पंधरवड्यात आमच्या भागातली दोन्हीकडची पोरं माझ्या घरी जमली होती. मोबाइलवर आलेले व्हिडिओ एकमेकांना दाखवत होती, आवाज चढले होते. मी ते व्हिडिओ बाजूला ठेवायला सांगितले आणि गल्लीतल्या तुंबलेल्या चेंबरचा विषय काढला. त्यावर ती अकरा वाजेपर्यंत भांडली. पुढच्या रविवारी पुन्हा या म्हटलं, तर विचारायला लागली की नगरसेवकाला बोलावू का.