तांबडी ज्वारी

१९७२ साली मी दहा वर्षांची होते. आमचं गाव मंगळवेढ्याच्या शिवारातलं. ज्वारीचं कोठार म्हणून सगळा महाराष्ट्र ज्याला ओळखतो, तो हा मुलूख. त्या साली कोठारच रिकामं पडलं. पेव उघडून तळ खरवडून झाला आणि एरवी चार घरांना धान्य देणारी घरंही रेशनच्या रांगेत उभी राहिली. पोत्यातून निघाली ती तांबडी, बारीक दाण्याची ज्वारी. सगळे तिला मिलो म्हणत. अमेरिकेहून आलेली. तिची भाकरी थापताना कडा फाटत, तव्यावर उलटताना ती मोडे, आणि तिला कुबट वास येई. मालदांडीच्या पांढऱ्या, पापुद्रा सुटलेल्या भाकरीवर वाढलेली आम्ही मुलं ताटावर बसून रडायचो. आजी रडली नाही. "तिकडं हे गुरं खात्यात म्हणं," एवढंच एकदा बोलली आणि घास तोंडात घातला.

आजीने ऐकलं होतं ते खरं होतं. ते मला फार पुढे कळलं, तेही भर शेतात.

१९९६ साली मी कॅन्सस राज्याच्या पश्चिमेकडच्या एका लहान गावात डॉक्टर म्हणून आले. माझ्यासारख्या व्हिसावर शिकलेल्या परदेशी डॉक्टरांनी दोन वर्षं मायदेशी परतावं असा नियम आहे. ते टाळायचं तर जिथे डॉक्टर टिकत नाही अशा भागात तीन वर्षं काम करायचं, अशी तरतूद १९९४ साली झाली. सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या नावाने ती ओळखली जाते. अमेरिकेतल्या कितीतरी खेड्यांत आज भारतीय आडनावाचा डॉक्टर दिसतो, त्यामागे ही तरतूद आहे. न्यू जर्सीतल्या नातेवाइकांनी मला सहानुभूती दाखवली. तीन वर्षं काय, डोळे मिटून निघून जातील, म्हणाले. ती तीन वर्षं केव्हाच संपली. मी अजून इथेच आहे.

पहिल्याच सप्टेंबरात दवाखान्यातून परतताना गावाबाहेर मी गाडी कडेला घेतली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना क्षितिजापर्यंत ज्वारी उभी होती, विटकरी रंगावर आलेली. आमच्याकडे ज्वारीत शिरलेला माणूस दिसत नाही, कारण धान्याइतकीच कडब्याची गरज असते. इथली ज्वारी कंबरेएवढी. कम्बाइन यंत्राने कापायला सोयीची म्हणून बुटक्या जाती मुद्दाम काढलेल्या. मी एक कणीस वाकवून तळहातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला. दाणा तोच होता.

तेवढ्यात मागे एक पिकअप येऊन थांबला. इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीजवळून कुणी तसंच पुढे जात नाही. एक शेतकरी उतरला, गाडी बिघडली का, विचारलं. रान त्याचंच निघालं. मी हातातले दाणे दाखवून म्हटलं, लहानपणी आम्ही हे खाऊन जगलो. तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग विचारलं, "चव कशी होती?" वाईट होती, मी खरं तेच सांगितलं. त्याने स्वतः ती कधीच खाल्ली नव्हती. बापाच्या काळापासून पिकवत आला होता, पण सगळी गुरांच्या खाद्याला जायची. पुढच्या आठवड्यात माझ्या दवाखान्याच्या दाराशी बादलीभर मिलो ठेवलेली मिळाली, वर झाकण लावून. मी ती दळली, भाकऱ्या केल्या, आणि त्या नवरा-बायकोला जेवायला बोलावलं. रंग तोच होता, पण भाकरी गोड लागली. तेव्हा लक्षात आलं, बहात्तर साली आम्ही खाल्लं ते बोटीत आणि गोदामांत किती दिवस काढून आलेलं धान्य होतं. शेतातून निघालेल्या मिलोचा त्यात काही दोष नव्हता.

अमेरिकन धान्याच्या परदेशप्रवासाचा एक धागा याच राज्यात निघतो, हे त्यांच्याकडूनच कळलं. १९५३ साली इथल्या शायेन काउंटीतल्या एका शेतकऱ्याने शेतकरी संघटनेच्या सभेत उठून सांगितलं की आपल्याकडे धान्य कोठारांत सडतंय आणि जगात माणसं उपाशी आहेत, तर ते त्यांना त्यांच्या चलनात विकत घेऊ द्या. ही कल्पना वॉशिंग्टनपर्यंत पोचली आणि १९५४ साली पीएल-४८० चा कायदा झाला. त्या कायद्यामागे जास्तीच्या धान्याची विल्हेवाट होती, राजकारणही होतं, आणि साठच्या दशकात भारताला त्यापायी मान खाली घालावी लागली. हे सगळं मला मान्य आहे. तरीही सभेत उठून उभा राहिलेला तो शेतकरी माझ्या मनातून जात नाही. अशा सभा मी आता पाहिल्या आहेत. शाळेच्या जेवणघरात घडीच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, आणि तिथे उठून बोलायला इथल्या माणसाला फार जड जातं.

गाव म्हणजे एक मुख्य रस्ता, एक लुकलुकणारा दिवा, पाण्याची उंच टाकी, तीन चर्च आणि धान्याचं एलेव्हेटर. आमच्याकडे धान्य जमिनीखाली पेवात जायचं. इथे ते काँक्रीटच्या उंच नळकांड्यांत वर चढतं, आणि सपाट मुलखात ती नळकांडी दहा-बारा मैलांवरून दिसतात. ऑक्टोबरात सुगी जोरात असली की तीही पुरत नाहीत. मग मिलो उघड्यावर ओततात. बाहेर तांबड्या दाण्यांचा डोंगर उभा राहतो, दोन मजली घराएवढा, आणि वाऱ्यावर त्याची धूळ गावभर पसरते. त्या दिवसांत माझ्याकडे खोकल्याचे रोगी वाढतात.

एलेव्हेटर शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीचं आहे. सकाळी सहाला तिथे कॉफी उकळत असते आणि टोप्या घातलेले म्हातारे पावसाचा हिशेब मांडत बसतात. इथे पाऊस इंचाच्या शंभराव्या भागांत मोजतात. एकाकडे चाळीस, मैलावरच्या दुसऱ्याकडे बारा, तिसऱ्याकडे काहीच नाही. ज्याच्याकडे पडला तो हलक्या आवाजात सांगतो, कारण शेजारी बसलेल्याचं रान कोरडं असतं. ही रीत मी माझ्या वडिलांच्या पारावर पाहिली होती. इथल्या शांततेबद्दल मला बरेच जण विचारतात. माणसं कमी बोलतात हे खरं आहे, पण त्याचं बरंचसं कारण दुसऱ्याचं बघून बोलणं, हे आहे.

एका ऑक्टोबरात बादली ठेवून गेलेल्या त्या शेतकऱ्याला माझ्याच टेबलावर हृदयविकाराचा झटका आला. विचिटाला हेलिकॉप्टरने पाठवला. जगला. पण बाहेर त्याची ज्वारी पिकून उभी होती आणि एक वादळी वारा आला असता तर सगळी आडवी झाली असती. शनिवारी पहाटे शेजाऱ्यांची कम्बाइनं त्याच्या रानात उतरली. स्वतःचं पीक उभं असताना. चर्चच्या बायकांनी हॅमचे सँडविच आणि गोड ‘पाय’ बांधावर नेऊन दिले, मी पिठलं-भाकरी नेली. एलेव्हेटरच्या वजनकाट्यावर बसणारी बाई रात्री उशिरापर्यंत थांबली. प्रत्येक ट्रकची वजनाची चिठ्ठी तिने त्याच्या नावावर फाडली. कुणी डिझेलचे पैसे मागितले नाहीत, कुणी त्याबद्दल पुढे बोललंही नाही. तो बरा होऊन आला तेव्हा त्याने आभाराचं एक पत्र सोसायटीच्या भिंतीवर लावलं. ते अजून तिथे आहे, उन्हाने पिवळं पडलेलं.

मी हे गाव गोड करून सांगत नाही. किराणा दुकान एकदा बंद पडलं, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून ते पुन्हा उघडलं. शाळा शेजारच्या गावाच्या शाळेत विलीन झाली, फुटबॉलचा संघ आता दोन गावांचा मिळून आठ खेळाडूंचा आहे. ज्या रुग्णालयात मी शेकडो बाळंतपणं केली तिथला प्रसूती विभाग बंद झाला. आता दिवस भरलेली बाई बर्फात तासभर गाडी चालवत जाते. हे मला सहन होत नाही आणि मी ते प्रत्येक बैठकीत बोलते. खाली ओगलाला नावाचा भूजलाचा प्रचंड साठा आहे. त्यावर इथला मका पोसला, आणि उपसा इतका झाला की कितीतरी विहिरी आटत आल्या. म्हणून काही जण पुन्हा कोरडवाहू मिलोकडे वळलेत. पाणी कमी पडलं की ज्वारी पानं गुंडाळून थांबते आणि पाऊस आला की पुन्हा वाढीला लागते. मक्याला ते जमत नाही.

दोन हजार चौदा-पंधराच्या सुमारास तो शेतकरी एक पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दवाखान्यात आला. खालच्या बाजूने पिवळसर किडे, वर चकचकीत चिकट थर. त्याने हे आधी कधी पाहिलं नव्हतं. मी बोट लावलं आणि म्हटलं, हा तर चिकटा. उसावरचा आणि ज्वारीवरचा मावा. माझे वडील दर वर्षी त्याच्याशी झुंजत. तो त्या दिवशी रक्तदाब तपासायचं विसरून तासभर प्रश्न विचारत बसला.

परवाच्या सुगीत माझा थोरला भाऊ मंगळवेढ्याहून आला होता. दादा एलेव्हेटरवर गेला, काट्यावरच्या बाईला ओल किती टक्के चालते ते विचारलं, बुशेलचा भाव क्विंटलवर आणला, आणि म्हणाला, यांनाही परवडत नाही. मग रानात गेल्यावर त्याचा जीव तळमळला. दाणे काढून धांडे तसेच उभे सोडलेले. "अगं, एवढा कडबा! ह्यांना सांग, जनावराच्या तोंडचं आहे हे." मी सांगितलं. शेतकऱ्याने वाकून माती उकरली, दादाच्या हातावर ठेवली. ओल होती. धांडे हिवाळ्यात बर्फ अडवून धरतात, म्हणून आम्ही रान नांगरतही नाही, गव्हाच्या धसकटात ज्वारी पेरतो, असं त्याचं म्हणणं. दादाला ते पटेना. काळ्या रानाला भेगा पडल्या की ओल उडून जाते, कोळपणी करून त्या बुजवाव्याच लागतात, हे त्याने हातवारे करून दाखवलं. दोघे तिथेच बांधावर बसले. मी मधे उभी राहून इकडचं तिकडे करत होते.

तो वाद अजून मिटलेला नाही. दादाने परवा फोनवर निरोप दिला: त्याला म्हणावं, एका पट्टीत कोळपून बघ, नुसती चार ओळींची पट्टी. शेतकऱ्याचं उत्तर आलं आहे की तो करून बघेल, पण मग दादानेही एक पट्टी न नांगरता, कडबा उभा ठेवून पेरली पाहिजे. दादा कडबा सोडायला तयार नाही. आज रात्री त्याला पुन्हा फोन करायचा आहे.