बाटलीवरची कागदी पट्टी

आमच्या तालुक्याच्या गावात दवाखान्याला पाटीची गरज नव्हती. बाहेर चपलांचा ढीग दिसला की समजायचं, डॉक्टर आलेत. आत स्पिरिटचा वास, भिंतीला लागून लाकडी बाकडं आणि स्टोव्हवरच्या भांड्यात खळखळ उकळणाऱ्या काचेच्या सिरिंजा.

मला ओढ असायची ती कंपाउंडरकाकांच्या खिडकीची. फळीवरून औषधाची बरणी काढताना ते लेबल वाचायचे, ओतण्याआधी पुन्हा वाचायचे आणि बरणी जागेवर ठेवताना तिसऱ्यांदा. वाचताना ओठ हलायचे. मग कागदाची पट्टी दुमडून कात्रीने कडेला खाचा पाडायच्या आणि खळ लावून ती बाटलीवर चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. ‘हलवून घ्यायचं बरं का,’ हे नेहमीच्या पेशंटलासुद्धा दरवेळी सांगायचे.

पेनिसिलिन द्यायचं असलं की आधी हातावर टेस्ट. कातडीत बारीकसा फुगवटा, भोवती पेनाने गोल आणि ‘बस बाकड्यावर’. शेताच्या घाईतला माणूस कितीही गयावया करो, डॉक्टर घड्याळ बघून, तो गोल निरखूनच इंजेक्शन देत. पेनिसिलिनची रिअ‍ॅक्शन जिवावर बेतू शकते, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

तेव्हाचं सगळंच चांगलं होतं, असं नाही. सिरिंज नीट उकळली नाही, तर एकाची कावीळ दुसऱ्याला व्हायची. मोठा आजार निघाला की पेशंटला सोडून घरातल्या कर्त्या माणसाला सांगायचे. एकदाच वापरायची सुई आणि पेशंटची स्वतःची संमती, हे नव्या काळाचं देणं मी आनंदाने मान्य करतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनसाठी चेकलिस्ट आणली. चीर देण्याआधी सगळ्यांनी थांबायचं. पेशंटचं नाव, ऑपरेशन कुठलं, कुठल्या जागी, हे मोठ्याने बोलायचं. ते वाचलं आणि काकांचे हलणारे ओठ आठवले. आता छातीचा एक्स-रे संगणकही वाचतो. क्षयरोगाच्या तपासणीत त्याची मदत घ्यावी, अशी शिफारस याच संघटनेने २०२१ मध्ये केली. आपल्याकडच्या २०२०च्या टेलिमेडिसिन नियमावलीने मात्र बजावून ठेवलं आहे, की कृत्रिम बुद्धिमत्तेने डॉक्टरला मदत जरूर करावी, पण औषध लिहून द्यायचं ते नोंदणीकृत डॉक्टरनेच.

हा नियम मला फार मोलाचा वाटतो. आमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीखाली त्यांची सही असायची. औषध मानवलं नाही, तर मध्यरात्रीही त्यांचं दार वाजवता यायचं. यंत्राच्या चुकीचा जाब विचारायलाही असंच एखादं दार हवं.

यंत्रं येऊ देत, ती यायलाच हवीत. पण लेबल तिसऱ्यांदा वाचायला आणि ‘थांबा’ म्हणायला माणसाला उसंत लागते. लाखोंची मशिनं घेणाऱ्या हॉस्पिटलांनी आपल्या नर्सला, फार्मासिस्टला, डॉक्टरला एवढी उसंत दिलीच पाहिजे. पेशंटचा जीव या उसंतीतच सांभाळला जातो.