वंदनेची चाल

आमच्या चिखल्यात मँगनीजची खाण आहे. बाबा तेथे मजूर. मी सूर धरायला शिकले ते विहारातल्या सायंवंदनेत.

गेल्या स्नेहसंमेलनात ‘कुलवधू’तले पद म्हणणार होते. कुणीतरी हसून म्हणाले, “नाट्यगीत तुमच्याकडे कुठले?” मी मुकाट्याने नाव मागे घेतले.

पुढे वाचनालयात वाचले : १९४२ च्या ‘कुलवधू’ला चाली देणाऱ्या मास्टर कृष्णरावांनीच १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून बुद्धवंदना स्वरबद्ध केली. गंधर्व नाटक मंडळीत गाजलेल्या या गायकाने पाली गाथांनाही आपले सूर दिले!

धावतच घरी जाऊन बाबांना सांगितले. हातावरची काळी धूळ धूत ते एवढेच म्हणाले, “मग पोरी, नाव मागे का घेतलंस?”

यंदा यादीत माझे नाव आहे.