मॉड्युलर

मॉड्युलर हा शब्द आमच्या घरात शिरला तो स्वयंपाकघरातून. गिरगावातल्या दोन खोल्यांत हिने हौसेने मॉड्युलर किचन करून घेतलं. चमच्यांना खण, ताटांना खण, बरण्यांना खण. सुतार पैसे घेऊन गेला आणि मग लक्षात आलं, की पोळपाट कुठल्याच खणात जात नाही. तेव्हापासून तो फ्रिजवर आहे.

दुसऱ्यांदा हा शब्द भेटला तो बँकेत. २०२५ च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने फर्मान काढलं, की सर्व बँकांनी ३१ ऑक्टोबरच्या आत आपल्या वेबसाइटच्या पत्त्याला 'डॉट बँक डॉट इन' हे शेपूट लावावं. हेतू चांगला. नकली साइट काढून लोकांना गंडवणाऱ्यांना ते शेपूट मिळू नये. पण आमच्या वरिष्ठांना वाटलं, बिऱ्हाड हलतंच आहे तर जुनं सामान कशाला न्या? साइटच मॉड्युलर करू. समिती नेमली आणि मराठी पानांसाठी तीत मला घातलं. कारण मी बी.कॉम. असूनही दिवाळी अंकांत लिहितो.

समजावायला आलेला तंत्रज्ञ माझ्या भाच्याच्या वयाचा. म्हणाला, "सर, जुनं पान म्हणजे अख्खी भिंत. नव्यात नुसत्या विटा. व्याजदराचा तक्ता एकदाच भरायचा, हव्या त्या पानावर तोच दिसतो."

हे मात्र पटलं. २०२५ च्या फेब्रुवारी, एप्रिल आणि जूनमध्ये रेपो दर उतरत उतरत साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आला, तेव्हा आमच्या साइटवर गृहकर्ज एका पानावर स्वस्त आणि दुसऱ्यावर महाग होतं. चाणाक्ष गिऱ्हाइकं दोन्ही पानं छापून काउंटरवर यायची.

नव्या प्रणालीचं नाव ड्रुपल. बेल्जियमच्या एका विद्यार्थ्याने, ड्रीस बायटार्टने, ती २००१ साली जगाला दिली. आपल्या साइटसाठी त्याला डच भाषेतला 'डॉर्प', म्हणजे खेडं, हा शब्द हवा होता. टाइप करताना अक्षरं उलटली आणि 'ड्रॉप' झाला. पुढे त्याच थेंबावरून ड्रुपल. आमच्याकडे एक शून्य इकडचं तिकडे झालं तर मेमो मिळतो!

मग जुन्या पानांची यादी आली. प्रत्येकासमोर 'ठेवा' की 'काढा' लिहायचं. बंद झालेल्या शाखेचा फोन नंबर, निवृत्त अध्यक्षांच्या नववर्षाच्या शुभेच्छा... मी सपासप काढत सुटलो. शेजारी जून महिन्यात पान किती जणांनी पाहिलं तो आकडा होता. 'निवृत्तिवेतनधारकांसाठी हयातीचा दाखला' : दोन. त्यांतला एक मीच. काढा!

ऑक्टोबरात नवी साइट सुरू झाली. पेढे वाटले. मग नोव्हेंबर उजाडला. पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यायचा महिना नोव्हेंबर, हे बावीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला जूनमध्ये आठवू नये!

आमच्या परळच्या शाखेत पहिले आले ते लालबागचे एक आजोबा, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मुठीत साइटचा जुना पत्ता लिहिलेली चिठ्ठी, दुसऱ्या हातात नातवाचा मोबाइल. मागे रांग थेट जिन्यापर्यंत.

"साहेब, इथं लिहिलंय, हे पान अस्तित्वात नाही. पानाचं राहू द्या. मी आहे की नाही तेवढं सांगा. हिची औषधं त्या पेन्शनीवर आहेत."

मी त्यांना खुर्ची दिली, छापील फॉर्म काढला आणि स्वतः भरला. सही करताना त्यांचा हात थरथरत होता. माझाही फारसा स्थिर नव्हता. दुपारी तीनपर्यंत मी माणसं जिवंत करत होतो.

संध्याकाळी त्या मुलाला फोन केला.

"सर, पान परत आणतो. पण बसवू कुठे? ते कर्जात बसत नाही, ठेवींत बसत नाही, कार्डांतही नाही."

"फ्रिजवर ठेव."

"अं?"

"सगळ्यांत वर रे. येता-जाता दिसेल असं."