लाकडाची शेगडी की फायरप्लेस

भिंतीत बांधलेल्या उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडाची बहुतेक उष्णता धुराड्यावाटे निघून जाते. जाळ पेटला की धूर वर चढतो आणि खोलीतली गरम हवाही सोबत ओढून नेतो. तिची जागा भरायला फटींतून गार वारा आत शिरतो, त्यामुळे जाळासमोरच्या माणसाला ऊब मिळते आणि मागची खोली आणखी गारठते. ओतीव लोखंडाच्या शेगडीत हे थांबते. तिचे दार घट्ट बसते, आत किती हवा जायची ते झडपेवर ठरते आणि तापलेले लोखंड चहूबाजूंनी ऊब देत राहते. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४० च्या दशकात लोखंडी शेगडी तयार केली ती याच अपव्ययावर उपाय म्हणून.

जुन्या शेगड्यांचा दोष म्हणजे धूर. नव्या शेगड्यांत वरच्या नळ्यांतून तापलेली हवा सोडतात, तेव्हा धुरातले वायूही पेट घेतात. अमेरिकेत २०२० पासून विकायच्या नव्या शेगडीला तासाला २ ग्रॅम सूक्ष्म कणांची मर्यादा आहे (सरपणाच्या ओंडक्यांवर चाचणी घेतल्यास २.५ ग्रॅम).

आज शेगडीची खरी स्पर्धा गॅसवर चालणाऱ्या काचबंद फायरप्लेसशी आहे. दुहेरी नळीतून ती बाहेरची हवा घेते आणि जळलेले वायू बाहेर सोडते. बटण दाबले की पेटते. राख काढायला नको, ओझी वाहायला नकोत. घरात दम्याचा रुग्ण असेल किंवा लाकडे उचलण्याची ताकद उरली नसेल, तर तीच घ्यावी.

प्रस्तुत लेखकाने न्यू हॅम्पशरमधल्या खेड्यातील घरासाठी शेगडी निवडली ती विजेचा विचार करून. डिसेंबर २००८ च्या बर्फवादळात या राज्यातल्या चार लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, काहींना तर ती दोन आठवड्यांनी मिळाली. वीज नसली की तळघरातली तेलावरची भट्टी बंद पडते. गॅसच्या काही फायरप्लेस विजेविना पेटतात, पण ऊब पसरवणारा पंखा थांबतो. शेगडीचे कशावाचून अडत नाही. वीज गेलेल्या रात्री लेखकाच्या घरी तिच्याच माथ्यावर खिचडी शिजली, आणि त्या रात्रीनंतर निवडीबद्दल घरात कुणाला शंका उरली नाही.

मात्र शेगडीचे सारे यश सरपणावर अवलंबून असते. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. ॲशचे लाकूड लवकर वाळते, ओकला फोडून रचल्यावर बहुधा दोन उन्हाळे लागतात. लाकूड ‘कॉर्ड’च्या मापाने मिळते: चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब, म्हणजे १२८ घनफुटांची रास. ‘वाळलेले’ म्हणून आलेल्या लाकडाची खात्री वरून होत नाही. एखादा ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला ओलावामापकाची टोके टोचावी लागतात. ओल्या लाकडाचा धूर धुराड्यात थंडावतो आणि क्रिओसोटचा डांबरट थर साचतो. तो पेटला की आग छपरापर्यंत पोचू शकते. म्हणून हिवाळ्यापूर्वी दरवर्षी धुराडे तपासून साफ करून घेतात. राखेत निखारे काही दिवस टिकू शकतात, त्यामुळे ती झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून घरापासून दूर ठेवतात. शेगडी असो वा गॅसची फायरप्लेस, झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा गजर लावावाच लागतो.