हवा, दस्ता आणि मग नळी

पीसीपी, म्हणजे प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक, ही आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल होय. तिच्या नळीखालच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार, म्हणजे वातावरणाच्या जवळजवळ २०० पट दाबाची हवा साठवलेली असते आणि ट्रिगर दाबताच एक झडप क्षणभर उघडून त्या साठ्यातला ठरावीक घोट छर्ऱ्यामागे सोडते. कल्पना नवी नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास स्वीकारलेल्या गिरार्डोनी रायफलीचा दस्ता हीच एक पोकळ लोखंडी टाकी होती, आणि ती पुरती भरण्यासाठी हातपंप सुमारे १५०० वेळा मारावा लागे. त्या सैनिकांपुढची अडचण पहिली पीसीपी विकत घेणाऱ्या आजच्या नेमबाजापुढेही जशीच्या तशी उभी असते; रायफल पैसे मोजून मिळते, पण हवा कुठून आणायची, हा प्रश्न बहुतेकांना रायफल घरी आल्यावर सुचतो.

हवेची बंदूक म्हटली की महाराष्ट्रात अजूनही अनेकांच्या डोळ्यांपुढे जत्रेतला फुग्यांचा फळा येतो. ती बंदूक स्प्रिंगची: नळी मोडून खाली ओढली की आतली स्प्रिंग दाबली जाते आणि चाप ओढल्यावर तिने ढकललेला जड दट्ट्या पुढची हवा दाबतो. छर्रा नळीत असतानाच हा दट्ट्या धावतो आणि आदळतो, त्यामुळे बंदूक आधी मागे व मग पुढे हिसका देते, आणि तिला दर वेळी अगदी सारख्या पकडीने धरले नाही तर छर्रे सारखे पडत नाहीत. स्पर्धेच्या रायफली बनवणाऱ्यांनी या हिसक्यावर नाना उपाय केले. फाइनवेर्कबाउ ३०० मध्ये संपूर्ण यंत्रणाच रुळांवर मागे सरकत असे, म्हणून धक्का खांद्यापर्यंत पोहोचत नसे. पुढे १९७४ च्या वॉल्थर एलजीआरने आणि १९८४ च्या फाइनवेर्कबाउ ६०० ने स्प्रिंगच काढून टाकली आणि बाजूची दांडी एकदा ओढून एका नेमापुरती हवा दाबण्याची पद्धत रूढ केली. ती पद्धत अचूकतेत काडीइतकी उणी नव्हती. परंतु साठ नेम आणि त्याआधीचे सरावाचे नेम धरले तर तितक्या वेळा ती कडक दांडी ओढावी लागे, आणि दर वेळी जमवलेली उभी बैठक मोडून पुन्हा मांडावी लागे. १९९० च्या दशकाअखेर पीसीपीने स्पर्धेचे मैदान घेतले ते मुख्यतः या कारणाने, नळी अधिक चांगली होती म्हणून नव्हे.

हा मुद्दा पहिल्या खरेदीच्या वेळी विसरला जातो, म्हणून लक्ष्याचे गणित मांडणे आवश्यक ठरते. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्याचा एकूण व्यास ४५.५ मिलिमीटर, त्यातला काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा आणि मधला दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. छर्ऱ्याचा व्यास ४.५ मिलिमीटर असल्याने त्याची कड ठिपक्याला शिवली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडला पाहिजे. पनवेलच्या सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवले, यावरून अव्वल नेमबाजांना तेवढी जागा पुरेशी प्रशस्त झाली होती हे दिसते. पुढे २०१३ पासून प्राथमिक फेरीतही गुण दशांशात मोजू लागले, आणि आता १०.९ साठी तोच मध्य पाव मिलिमीटरच्या आत यावा लागतो. नामांकित जर्मन किंवा ऑस्ट्रियन रायफलीसोबत कारखान्यातला एक छोटा कागद येतो. शिकंज्यात आवळून झाडलेल्या पाच छर्ऱ्यांचे त्यावर एकच भोक असते आणि ते एका छर्ऱ्याच्या भोकापेक्षा जेमतेम मोठे असते. नवशिक्याचे दहा नेम सात-आठच्या वर्तुळांत विखुरलेले असताना वॉल्थरची नळी बरी की स्टायरची, यावर महिनाभर खल करणे म्हणजे लग्नाची तिथी ठरण्याआधी अक्षता निवडत बसण्यासारखे आहे.

म्हणून पहिली निवड दस्त्याची. दस्ता म्हणजे रायफलीचा जो भाग शरीराला लागतो तो सारा: खांद्याला टेकणारी पाटी, गालाखालची गादी, उजव्या हाताची मूठ आणि डाव्या तळव्याखालचा आधार. उभ्या बैठकीत डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकते आणि रायफलीचे वजन स्नायूंनी न उचलता हाडांवरून पायांपर्यंत उतरवले जाते. दस्ता बोटभर लांब असला तरी ही उतरंड मोडते, पाठ मागे झुकते आणि मान पुढे काढून गाल गादीला लावावा लागतो. दुकानात किंवा रेंजवर एक साधी परीक्षा करता येते. रायफल बैठकीत घ्यावी, डोळे मिटावेत, दोन-तीन सावकाश श्वास घ्यावेत आणि मग डोळे उघडावेत. डोळा डायॉप्टरच्या, म्हणजे मागच्या बारीक भोकाच्या चकतीच्या, सरळ रेषेत आपोआप आलेला असेल तर गालाची गादी योग्य उंचीवर आहे. भोक शोधण्यासाठी मान हलवावी लागत असेल तर गादी हलवावी, मान नव्हे. पाय तेच ठेवून ही परीक्षा चार-पाच वेळा करावी. दर वेळी रायफलीचे तोंड एकाच बाजूला भरकटत असेल तर तो दोष बहुधा पायांच्या मांडणीचा असतो, पण ते दर वेळी निराळ्या दिशेला जात असेल तर दस्ता अंगाला बसलेला नाही.

या कसोटीवर महागडी रायफलही नापास होऊ शकते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एअर रायफलचे वजन साडेपाच किलोपर्यंत चालते आणि स्पर्धेच्या बहुतेक रायफली चार ते पाच किलोंच्या घरात असतात. चाळीस किलो वजनाच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीने पाच किलोची रायफल पेलायची, म्हणजे तिने स्वतःच्या वजनाचा आठवा हिस्सा हातांत घेऊन तासाहून अधिक काळ उभे राहायचे. ‘मोठी झाली की पुरेल’ असे म्हणून शाळेचा गणवेश मापाहून मोठा घेणे शहाणपणाचे असेल, पण रायफलीच्या बाबतीत हाच हिशेब पाठीच्या दुखण्यावर आणि आयुष्यभर न सुटणाऱ्या वाकड्या बैठकीवर जातो. वाढत्या वयाच्या खेळाडूसाठी लांबी, गादी आणि पाटी तिन्ही सरकवता येतील असा, शक्यतो अॅल्युमिनियमचा हलका दस्ता घ्यावा. डावखुऱ्यांनी तर मूठ आणि छर्रा भरण्याची दांडी या दोन्हींची बाजू पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुसरी निवड हवेची, आणि खरे तर हीच सगळ्यांत दुर्लक्षित. रायफलीच्या सिलिंडरची धारणक्षमता पाव लिटरच्या आतबाहेर असते. सोयीसाठी ती ०.२ लिटर धरली आणि दाब २०० वरून ७० बारपर्यंत उतरेतो रायफल वापरली, तर साधारण २६ लिटर मोकळी हवा खर्च होते आणि तेवढ्यात तीनशेच्या आसपास नेम होतात. सिलिंडरमधला दाब असा सतत उतरत असताना प्रत्येक छर्रा सारख्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला १७० ते १७५ मीटरने, जातो याचे श्रेय रेग्युलेटरला द्यावे लागते. मोठा दाब अडवून पुढे नेहमी एकच कमी दाब सोडणारी ही झडप स्वयंपाकघरातल्या गॅसच्या रेग्युलेटरची भावंडच म्हणायला हवी.

हा साठा भरण्याचे मार्ग तीन: हातपंप, स्कूबाचा मोठा सिलिंडर आणि कॉम्प्रेसर. हातपंप स्वस्त आणि स्वावलंबी असतो, मात्र दाब चढत जातो तसा त्याचा दांडा अंगाचा भार टाकल्याशिवाय खाली जात नाही, आणि धापा टाकणाऱ्या नेमबाजाने लगेच नेम धरण्यात काही अर्थ नसतो. मोठ्या सिलिंडरचे काम सोपे दिसते, पण त्याचा हिशेब कळला पाहिजे. दहा लिटरच्या, २०० बारने भरलेल्या सिलिंडरला १०० बारवर आलेली रायफल जोडली तर दोन्हींचा दाब १९८ बारवर येऊन थांबतो. पुढच्या वेळी १९६, त्यापुढे १९४. म्हणजे हा सिलिंडर पहिल्या दिवसापासून कधीही रायफल पूर्ण २०० पर्यंत भरत नाही आणि दहाव्या भरणीला १८० च्या जरा वर थांबतो. त्यात वाईट काही नाही, रेग्युलेटर तेवढ्यावर उत्तम चालतो. फक्त ‘सिलिंडर संपला’ म्हणून धावपळ करण्याचे कारण नाही हे समजून घ्यावे. तो पुन्हा भरून कुठे मिळेल, हे मात्र आधी विचारावे. मालवण-तारकर्लीकडे पाणबुड्यांचे सिलिंडर भरले जातात, पुण्याला बालेवाडीसारखी मोठी रेंज आहे. जालन्याच्या किंवा बीडच्या मुलासाठी यातले काहीच हाताशी नसते आणि तिथे चांगला हातपंप किंवा चार घरांनी मिळून घेतलेला कॉम्प्रेसर हाच व्यवहार ठरतो.

कोकण-मुंबईच्या खेळाडूने या हिशेबात पावसाळाही धरावा. तीस अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. वर सांगितलेल्या २६ लिटर हवेत ती अर्ध्या ग्रॅमहून किंचित अधिक भरते, आणि हवा इतकी दाबली गेल्यावर त्यातली बहुतेक सारी वाफ पाणी होऊन बाहेर पडते. पंपात किंवा कॉम्प्रेसरमध्ये ती वेगळी करण्याची आणि शोषून घेण्याची सोय नसेल तर एका मोसमात रायफलीच्या सिलिंडरमध्ये आणि रेग्युलेटरच्या इवल्याशा वाटेत दमटपणा साचतो. मग गंज, अडकणारी झडप, आणि कारण न कळता वरखाली होणारे गुण. हवा सुकवणारी जाळी आणि तिच्यातले दाणे वेळच्या वेळी बदलणे ही खर्चाची बाब नव्हे, सवयीची आहे.

भरणीची रीतही शांतपणे शिकून घ्यावी लागते. जोडणीवर बोट फिरवून धूळ पुसावी, ओ-रिंग, म्हणजे जोड घट्ट ठेवणारे रबरी कडे, चिरलेले नाही हे पाहावे, आणि मोठ्या सिलिंडरची चावी इतकी हळू उघडावी की गेजचा काटा सरकताना डोळ्यांना दिसावा. हवा झपाट्याने भरली की तापते, गेज २०० दाखवते आणि अर्ध्या तासाने थंड झाल्यावर तेच गेज बरेच खाली आलेले असते. नवखा माणूस याला गळती समजून दुकानदाराशी भांडतो. दोन गोष्टींत मात्र चुकीला माफी नाही. रायफलीत ऑक्सिजन कधीही भरू नये, आणि जोडणीला यंत्राचे किंवा खोबरेल असे कोणतेही तेल लावू नये, कारण उच्च दाबाखाली तेल पेट घेऊन स्फोट होऊ शकतो. लागलेच तर उत्पादकाने सांगितलेले सिलिकॉन ग्रीस, तेही नखभर.

छर्ऱ्यांबद्दल थोडक्यात सांगता येते. स्पर्धेचे छर्रे सपाट तोंडाचे, शिशाचे, रायफलीसाठी सामान्यतः ०.५३ ग्रॅमचे असतात, आणि त्यांच्या डोक्याचा व्यास ४.४९ की ४.५० मिलिमीटर हे डब्यावर लिहिलेले असते. पुढे कधीतरी आपल्या नळीला कुठली खेप मानवते हे शिकंज्यात लावून पाहण्याची वेळ येईल. पहिल्या वर्षी एकाच चांगल्या कंपनीचे, एकाच मापाचे डबे घेत राहावे आणि सरावानंतर हात साबणाने धुवावेत, कारण शिसे अंगात जाते. ट्रिगर हलका असावा की जड, याविषयी मतभेद आहेत. एअर रायफलला त्याची किमान मर्यादा नाही, पण कागदावर नसलेली मर्यादा नवशिक्याच्या बोटाला असते, आणि अतिहलका ट्रिगर त्याला न ठरवता नेम सोडायला शिकवतो.

ताकदीचा प्रश्न विक्रेते हटकून काढतात. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही, आणि या मर्यादेला भिडणाऱ्या देशी पीसीपी आता सहज मिळतात. दहा मीटरच्या रायफलीला मात्र साडेसात-आठ ज्यूल पुरतात. त्याहून अधिक ताकद घेतली तर त्याच हवेत नेम कमी होतात, आणि शेतावरच्या पाखरांवर ती आजमावण्याचा मोह झालाच तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ आड येतो, हे विक्रेता सांगत नाही.

एवढे सगळे पाहून झाल्यावर नळी आणि नाव यांची पाळी येते. तेव्हा बहुतेकांच्या हाती उरलेले पैसे नव्या परदेशी रायफलीला पुरत नाहीत, आणि दहा-बारा वर्षे वापरलेली स्पर्धेची रायफल हा त्यांच्यासाठी उत्तम पर्याय असतो, कारण स्वच्छ ठेवलेली नळी तेवढ्या काळात झिजत नाही. सिलिंडरचे तसे नाही. त्याची मुदत उत्पादनापासून जास्तीत जास्त दहा वर्षे धरली जाते, ती सांभाळण्याची जबाबदारी नियमांनी खेळाडूवरच टाकली आहे, आणि नवा सिलिंडर स्वस्त नसतो. तेव्हा जुनी रायफल हातात आल्यावर नळीत डोकावण्याआधी सिलिंडर उलटा करून त्यावर कोरलेला महिना आणि वर्ष वाचावे, आणि मुदत संपली असेल तर नव्या सिलिंडरचे पैसे ठरलेल्या किमतीतून वळते करून घ्यावेत.