मापाचे पोलके

शिंप्याकडे नवे पोलके शिवायला टाकताना आपण बायका बरोबर एक जुने पोलके नेतो. त्याला 'मापाचे पोलके' म्हणतात. शिंपी ते फळीवर पसरतो, त्याला टेप लावतो, वहीत चार आकडे उतरून घेतो आणि आपण मोकळ्या होतो. परपुरुषापुढे उभे राहून माप देण्याचा संकोच टळावा म्हणून ही रीत पडली असावी. मोठी सोयीची रीत! मात्र तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ते जुने पोलके शिवले तेव्हाची बाई आणि आजची बाई एकच आहे, अशी सर्वांचीच समजूत असते.

माझ्या वहिनींचे तसे राहिले नव्हते. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या स्तनाला कर्करोग झाला. तो स्तन काढावा लागला, काखेतल्या गाठीही काढल्या. वहिनी त्यातून उठल्या, पुन्हा घर चालवू लागल्या. आम्हीही त्या विषयाला पदराआड ठेवायला शिकलो. पुढे मुलाचे लग्न ठरले आणि पैठणीवरच्या पोलक्याचा प्रश्न आला. पिंपरीच्या बाजारातल्या एका दुकानात रिवाजाप्रमाणे मापाचे पोलके टाकले. आठ दिवसांनी नवे हाती आले ते हुबेहूब जुन्यासारखे. वहिनींनी ते आरशापुढे घातले, डावीकडची फुगलेली रिकामी घडी तळहाताने चापून पाहिली आणि म्हणाल्या, "वन्सं, मी लग्नात शाल पांघरीन."

लग्न वैशाखात होते.

चिंचवडगावात, मोरया गोसावींच्या देवळाकडे जाताना लागणाऱ्या एका बोळात एक बाई घरीच शिवणकाम करतात, असे कोणी सांगितले. मशीन त्यांच्या सासूबाईंचे. 1954 साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, मागोमाग स्कूटरींचे, मोटारींचे कारखाने आले, गावोगावचे लोक इथे बिऱ्हाडे करून राहिले. सासूबाई त्याच ओघात इथे आल्या. यजमान पाळीवर गेले की त्या मशीन उघडून बसत. सुनेने तेच पुढे चालवले आहे.

मी पिशवीतून मापाचे पोलके काढले. बाईंनी त्याला हातही लावला नाही. "ते राहू द्या. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक?" त्यांनी धाकट्याला बाहेर खेळायला पिटाळले, दाराला कडी घातली आणि वहीत दोन रकाने आखले : उजवे, डावे. इतक्या दिवसांत वहिनींच्या अंगाकडे कोणी इतक्या सरळ नजरेने पाहिले नसेल. डॉक्टर पाहत तो व्रणाकडे. आम्ही पाहत होतो भिंतीकडे.

रेशमाला त्यांनी लगेच कात्री लावली नाही. रेशमाची टीप उसवली तरी सुईची भोके राहतात. सुती कापडासारखी ती धुण्यात मिटत नाहीत. म्हणून आधी मांजरपाटाचे कच्चे पोलके, धावदोऱ्यावर शिवलेले. अस्तराचे कापड रात्रभर पाण्यात, म्हणजे मागाहून आटायला नको. मांजरपाट अंगावर चढवून त्या टाचण्या लावू लागल्या, तेव्हा पहिल्या शिंप्याचे काय चुकले ते मला उमगले. कापड सपाट असते. त्याला गोलाई येते ती चिमटीने, टक्स घेतल्याने. जिथे गोलाईच नाही तिथे चिमूट घेतली की कापड पोकळ फुगते. डावीकडचा टक्स त्यांनी सोडून दिला. मुंढा थोडा खाली उतरवला, कारण वहिनींचा हात पुरता वर जात नव्हता. डावी बाही सैल ठेवली. काखेतल्या गाठी गेल्यापासून तो हात संध्याकाळी सुजतो. हूक पुढे.

माझ्या आजीला यातले काही करावे लागले नसते. ती गुळेदगुड्डच्या खणाची चोळी घाली आणि पुढे गाठ मारी. हूक नाही, बटण नाही; रोज सकाळी गाठ मारताना त्या दिवसाचे माप आपोआप घेतले जाई. बाळंतपणे झाली, अंग सुटले, मग ओसरले. चोळीने तक्रार केली नाही. हूक आले आणि आपण एका मापाला बांधल्या गेलो. (आजीची चोळी आज मला घालवणार नाही, हेही खरे!)

राहिली ती रिकामी जागा. कापूस भरला तर हलका म्हणून वर सरकतो. बाईंनी अस्तराला आतून खिसा शिवला आणि त्यात बसेल अशी इवलीशी मऊ उशी केली. कापसाच्या पोटात थोडी मोहरी, वजनापुरती. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी देतात ना, तशी. वहिनींनी ती तळहातावर घेतली, जोखल्यासारखी केली आणि कितीतरी दिवसांनी हसल्या.

"डावीकडे इतकी माया कशाला?" त्यांनी विचारले. शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात. उजवीकडे इंचभर होती, डावीकडे दोन इंच. आणि तिची कड व्रणाला घासू नये म्हणून अस्तर आणि रेशीम यांच्यामध्ये बंद केलेली.

"अंग अजून कमी-जास्त होईल, वहिनी. वर्ष जाऊ द्या."

शिलाई नेहमीचीच घेतली. वहिनी जास्त देऊ लागल्या तर म्हणाल्या, "दोन्ही बाजू सारख्या कुणाच्याच नसतात. मी रोज मापं घेते ना!"

लग्नात मला धास्ती होती ती विहिणींच्या भेटीची. आमच्या विहीणबाई मोकळ्या स्वभावाच्या. त्यांनी वहिनींना कडकडून मिठी मारली. मी श्वास रोखून पाहत राहिले. वहिनींनीही त्यांना तशीच मिठी मारली, दोन्ही हातांनी. शाल पेटीतच राहिली.

श्रावणात हाताची सूज थोडी वाढली. डावीकडची टीप अर्धा इंच उसवून बाहेर घेतली. जुन्या टाक्यांच्या भोकांची रांग काखेखाली दिसते. हात खाली असला की दिसत नाही. दिवाळीला त्या तेच पोलके घालणार आहेत.

माझेही एक शिवायचे आहे. परवा दहा वर्षांपूर्वीचे मापाचे पोलके पिशवीत घालून वहिनींना म्हटले, "तुम्ही चिंचवडला जाताच आहात, तर एवढे देऊन या."

वहिनींनी पिशवीत डोकावून पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि पिशवी परत माझ्या हातात दिली. "चला बरोबर," त्या म्हणाल्या.